पैलवानाचं हिरवं पाणी

फोन वाजला तेव्हा दादा एका जळक्या गोदामामागे उकिडवा बसून ताडपत्रीचं टोक उचलत होता.

ताडपत्रीखालचं गवत पिवळंफटक. आजूबाजूचं हिरवंगार.

"ही ताडपत्री कधी टाकली म्हणालात?"

"आग लागली तेव्हाच, साहेब," गोदामवाला म्हणाला. "वाचलेला माल झाकायला. परवा."

दादानं गवताची एक काडी उपटून त्याच्या हातात दिली. "दोन दिवसांच्या अंधारात गवताचा रंग एवढा उडत नाही. ही ताडपत्री बरेच दिवस इथंच आहे. म्हणजे माल आगीच्या आधीच बाहेर काढला होता. बरोबर?"

गोदामवाला काडीकडे बघत राहिला. गवतानंच चहाडी केल्यासारखा.

विमा कंपनीसाठी नुकसान तपासायचं, हे दादाचं काम. लोक खोटं बोलतात याचा त्याला राग यायचा नाही. भीती वाटली की माणूस खोटं बोलतो, असं त्याचं साधं गणित होतं. कशाची भीती, एवढंच शोधायचं.

फोन धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा होता.

"दादा, पैलवान मरतोय."

"कोण?"

"पैलवान! मासा! दादा, कोणीतरी मुद्दाम करतंय हे. माझ्याच घरात. मी वेडा होईन. तुम्ही या. आत्ता या."

आणि तो रडायला लागला. ड्रायव्हिंग स्कूल चालवणारा माणूस, रोज नवशिक्यांच्या शेजारी बसून जीव मुठीत धरून फिरणारा. दादानं त्याला रडताना एकदाच ऐकलं होतं. मागच्या वेळी.

त्यानं हात झटकले आणि निघाला.

*

मागची वेळ म्हणजे चिमणीचं पहिलं बाळ. चिमणी म्हणजे दादाची बहीण. सातव्या महिन्यात सगळं संपलं होतं. त्याच आठवड्यात, दवाखान्याच्या धावपळीत कोणाचं लक्ष नव्हतं, तर टँकमधले मासेही एकामागून एक गेले. चिमणी रिकाम्या पोटानं घरी आली आणि समोर रिकामा टँक. तिच्या डोक्यात ही गाठ तेव्हाच बसली.

आता पुन्हा आठवा महिना. ब्लड प्रेशर वाढलं म्हणून तिला दवाखान्यात ठेवलेलं. ॲडमिट होताना तिनं नवऱ्याचा हात धरून एकच गोष्ट सांगितली होती, "मी येईपर्यंत पैलवान जगला पाहिजे."

पैलवान म्हणजे तिचा निळा फायटर मासा. बोटाएवढा जीव, पण मिशीला पीळ दिल्यासारखा फिरायचा.

*

दार भावजींनी उघडलं. दाढी वाढलेली. हाताला शेवाळाचा वास.

हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि दादा थबकला. भर दुपारी आत काळोख. खिडकीच्या काचांना काळा कागद चिकटवलेला. वर जाळीची एक फट तेवढी उघडी, हवेसाठी, आणि तिचा उजेडही टँकपर्यंत पोचत नव्हता. कोपऱ्यात भावजींची आई मोबाइलच्या टॉर्चवर मटार सोलत बसली होती.

"या, या," ती म्हणाली. "आमच्या गुहेत या. आता शिकारीला जायचं तेवढं बाकी आहे."

दादा तिला मावशी म्हणायचा. "मावशी, हे काय?"

"याला विचारा. ऊन आलं की शेवाळ धरतं म्हणे. मी काल साखर समजून मीठ घातलं चहात."

टँक भिंतीशी लाकडी कपाटावर होता. मोठ्या सुटकेसएवढाच. त्यातलं पाणी कच्च्या कैरीच्या सालीसारखं हिरवं. काचेवर हिरवा बुळबुळीत थर. दादानं नाक काचेला लावलं. काही दिसेना.

"कुठंय हा?"

"डावीकडे. काळ्या दगडामागे," भावजी कुजबुजले, दवाखान्यात बोलतात तसे. "तो दगड मी या आठवड्यात टाकला. म्हटलं, बिचाऱ्याला आडोसा तरी होईल. तर दिवसभर तिथंच पडून असतो."

दादानं टॉर्च मागितला. दगडामागे शेपटीचं टोक दिसलं. निळं कसलं, राखाडी. बऱ्याच वेळानं मासा वर आला, पाण्याबाहेर तोंड काढून श्वास घेतला आणि गिरणीतून दमून आलेल्या माणसासारखा परत आडवा झाला.

"झोपतोय का तो?"

"दिवसभर," मावशी म्हणाली. "आमच्या धाकट्या लेकासारखा, घुबडासारखा. रात्रपाळी करतो की काय कोण जाणे."

"आई, मस्करी नको!" भावजींचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. ही त्यांची सवय. शेजारचा शिकाऊ ड्रायव्हर चुकला की त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबायचा. हल्ली घरातही पाय आपोआप दाबला जायचा.

"पहिल्यापासून सांगा," दादा म्हणाला.

भावजी भडाभडा बोलायला लागले. "चिमणी गेल्यावर चार दिवस ठीक होतं. मग पाणी जरा हिरवट. मी अर्धं बदललं. दुसऱ्या दिवशी जास्त हिरवं. काच घासली. औषध टाकलं. दुसरं औषध टाकलं. फिल्टर धुतला. खायला घालणं जवळजवळ बंद केलं. खिडकी बुजवली. दादा, मी जेवढं करतो तेवढं ते वाढतं! कोणीतरी रोज त्यात काहीतरी टाकतंय. दुसरं कारणच नाही."

"कोणावर संशय?"

भावजी आईकडे बघत नव्हते. न बघण्यातच सगळं आलं.

मावशीनं मटार खाली ठेवले. "बोल ना. आई मारतेय म्हण."

"मावशी," दादा तिच्यासमोर स्टूल ओढून बसला, "मला फक्त खरं सांगा. त्याला खायला घालता?"

"मला शपथ घातलीय यानं."

"शपथ घातली ते कळलं. दाणे घातले का?"

मावशीनं दोन बोटं वर केली. "दोन. सकाळी दोनच दाणे. बघतो हो तो माझ्याकडे."

"बघा!" भावजी उसळले. "मी म्हणत नव्हतो? आई, तुला कळतंय का काय चाललंय? हा गेला तर मी तिला काय सांगू? डॉक्टर म्हणालेत तिला धक्का बसता कामा नये. आणि तू—"

"दोन दाण्यांनी कोणी मरतं का रे? उपाशी राहून मरतात!" मावशीनं पदर डोळ्यांना लावला. "तिचं पोर ते माझं कोणीच नाही? झोपताना टँकचं झाकण मी पुसते, सकाळी उठून चिलटांची मढी मी काढते, आणि खुनी मीच."

दादानं मान वर केली. "कसली मढी?"

"चिलटं हो. बारीक किडे. सकाळी झाकणावर मरून पडलेले असतात."

"रात्री पुसल्यावरही?"

"रात्री लख्ख पुसते. सकाळी परत पसाभर."

"रात्री हॉलमध्ये दिवा असतो?"

"छे. हॉलमध्ये कोणी नसतंच. मी माझ्या खोलीत, दार लावून. झोपेची गोळी घेते, ढोल वाजवले तरी जाग येत नाही. हा त्याच्या खोलीत. घुबड कामावर."

 दादानं टँकच्या झाकणावर बोट फिरवलं. मग बाथरूममध्ये हात धुवायला गेला.

तिथं कोपऱ्यात झाकण लावलेली एक बादली होती. त्यानं झाकण उचललं. आत नितळ पाणी. तळाशी हिरवट-तपकिरी गाळ, मेल्यासारखा बसलेला.

"हे काय आहे?" तो आतूनच ओरडला.

"अगंबाई!" मावशी दारात आली. "ते टँकमधलंच पाणी. गेल्या आठवड्यात यानं काढलेलं. कुंड्यांना घालू म्हणून ठेवलं आणि विसरले."

"काढलं तेव्हा हिरवं होतं?"

"आताच्यासारखंच."

"औषधं पडलेली? तुमचे दोन दाणेही?"

"सगळं पडलेलं. पण खरंच की. हे स्वच्छ कसं झालं?"

दादानं झाकण हळूच परत लावलं. त्याच्या डोळ्यांसमोर सकाळचं पिवळं गवत आलं. पण मग एक प्रश्न उरत होता, आणि तो काही सुटेना. हॉलमध्ये तर काळोख होता.

*

घुबडाला उठवायला मावशीला तीन हाका आणि एक चापट लागली. भावजींचा धाकटा भाऊ, रात्री कॉल सेंटरमध्ये, दिवसा चादरीत. डोळे चोळत येऊन बसला.

"मी काही केलेलं नाही," हे त्याचं पहिलं वाक्य.

"मी काही विचारलंही नाही," दादा म्हणाला. "टँकचा दिवा कधी लागतो?"

"संध्याकाळी. रात्रीच्या जेवणाला बंद. आपोआप. टायमर आहे."

"टायमर कोणी बसवला?"

"मी. वहिनीला डॉक्टरनी झोपून राहायला सांगितलं तेव्हा ती सारखी उठायची ना, दिवा लावायला, बंद करायला. माझा भाऊ ओरडायचा. मग मी हा प्लग आणून दिला. वेळा वहिनीनंच आपल्या फोनवरून लावल्या. शेवाळाच्या बाबतीत ती लई कडक. पाच मिनिटं जास्त दिवा राहिला तर माझी हजेरी घ्यायची."

"तू सकाळी घरी येतोस तेव्हा टँक कसा असतो?"

"अंधारात. आई उठलेली असते, चहा ठेवते. मी पितो, झोपतो."

"त्यात कधी काही टाकलंस? चहा, सिगारेटची राख?"

"आई समोर आहे हो," घुबड दबक्या आवाजात म्हणाला. मावशीनं दुसरी चापट मारली.

दादा उठून खोलीभर फिरला. टँकच्या समोरच्या भिंतीवर एक फळी होती. फळीवर दोन वाडगे, एक मेणबत्ती आणि वायरला लावलेला जुना मोबाइल, उभा ठेवलेला. पडद्यावर घड्याळ.

"हा कोणाचा?"

"चिमणीचाच जुना," भावजी म्हणाले. "घड्याळ म्हणून ठेवलाय. हलवू नका म्हणून बजावलंय तिनं."

"तोंड टँककडे आहे त्याचं," मावशी म्हणाली. "आम्हाला वेळ बघायची तर मान मोडून घ्यावी लागते. पैलवानाला ऑफिस गाठायचं असेल."

दादानं मोबाइलला हात लावला नाही. फक्त बघितलं, वेळ आणि त्याचं तोंड.

"माशांच्या दुकानवाल्याला धरू का?" भावजी हात चोळत म्हणाले. "प्रत्येक वेळी नवी बाटली देतो. पाणी साफ झालं तर त्याचं गिऱ्हाईक जाईल ना!"

"दुकानवाला निर्दोष आहे. मावशी निर्दोष आहेत. घुबडही. बाथरूममधल्या बादलीनं तिघांनाही सोडवलं. पाणी तेच, औषध तेच, दाणे तेच. बादली साफ झाली, टँक नाही."

"मग कोण?"

"चिमणीला भेटायची वेळ कधी असते?"

भावजींचा चेहरा उतरला. "दादा, तिच्यासमोर एक अक्षर नाही. तिला काही माहीत नाही. मी रोज फोटो पाठवतो."

"ह्या टँकचे?"

"जुने," ते पुटपुटले. "स्वच्छ पाण्यातले. ती ॲडमिट व्हायच्या आधी काढलेले. मी तरी काय करू?"

*

तिघं दवाखान्याच्या खोलीत शिरले, मावशीच्या हातात थर्मास. आत फिनेलचा वास होता. चिमणी डाव्या कुशीवर पडलेली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. पोटाला पट्टा, पट्ट्याची वायर मशीनला, आणि मशीनमधून बारीक घोडदौड ऐकू येत होती. बाळाचे ठोके.

"हा पट्टा दिवसभर लावत नाहीत," नर्स दादाला म्हणाली. "पण ह्या काढूच देत नाहीत. रोज सोनोग्राफी करा म्हणतात. काल डॉक्टर म्हणाले, बाई, रोज बघून बाळ लवकर वाढत नसतं. आणि झोपत नाहीत बघा. रात्रभर फोन हातात. मी काढून घेतला तर रडल्या."

"दादा, तू कसा काय?" चिमणी हसली. ओठच फक्त हसले.

"सहज. आलो इकडं."

"तू सहज कुठं जातोस? तू आलास म्हणजे काहीतरी जळलंय."

भावजींनी घाईघाईनं फोन पुढं केला. "हे बघ, आजचा फोटो. पैलवान एकदम मजेत."

फोटोत नितळ पाणी, हिरवी पानं, वाळू, आणि मधोमध पिसारा फुलवलेला निळा मासा. बाकी काही नाही.

"छान दिसतोय," चिमणी म्हणाली. फोटोकडे तिनं नीट बघितलंही नाही. जरा वेळानं चादरीचा काठ चिमटीत धरून म्हणाली, "अहो, तो त्या दगडामागे जाऊन का बसतो? तिथंच फिल्टरचं तोंड आहे. ओढला जाईल ना."

"नाही नाही, मी बघतो," भावजी म्हणाले.

मशीनची घोडदौड चालूच होती.

"चिमणे," दादानं खुर्ची जवळ ओढली. "कुठला दगड?"

"तो डावीकडचा. काळा."

"या फोटोत दगड नाहीये."

चिमणीनं चादरीचा काठ सोडला.

"तू ॲडमिट झालीस तेव्हा टँकमध्ये दगड नव्हता. भावजींनी तो या आठवड्यात टाकला. तुला सांगितलं नाही, कारण मग का टाकला ते सांगावं लागलं असतं. मग तू तो कुठं पाहिलास?"

 मावशीच्या हातातला थर्मास टेबलावर टेकला.

"मला गोदामांची सवय आहे, माशांची नाही," दादा हळू आवाजात म्हणाला. "पण आज सकाळीच एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली. झाकलं की हिरवं मरतं. गवताचं तेच, बादलीतल्या पाण्याचं तेच. म्हणजे टँक हिरवा होत असेल तर त्याला कुठून तरी उजेड मिळतोय. दिवसाचा नाही. भावजींनी खिडकी बुजवलीय. टायमरचा तेवढा दिवा पूर्वीही होता, तेव्हा काही होत नव्हतं. मग राहिली रात्र. रात्री मावशी झाकण लख्ख पुसून झोपतात, सकाळी त्यावर मेलेली चिलटं. अंधाऱ्या घरात चिलटं दिव्याशिवाय दुसरीकडे कुठं मरायला जातील? आणि मासा दिवसा झोपतो. घुबडासारखाच. कारण रात्री त्याला कोणी झोपू देत नाही."

"पण रात्री हॉलमध्ये कोणी नसतं!" भावजी म्हणाले.

"नसतं. म्हणून दिवा लावणाऱ्याला घरात असायची गरज नाही, हे मला उशिरा सुचलं. त्या प्लगच्या वेळा फोनवरून लावता येतात, मग दिवाही फोनवरून लावता येतो. कुठूनही. आणि समोरच्या फळीवर एक मोबाइल आहे, टँककडे तोंड करून. ते घड्याळ नाहीये. तो डोळा आहे."

सगळे चिमणीकडे बघत होते. तिनं उशीखालून फोन काढला आणि चादरीवर ठेवला. पालथा.

"घरी झोपून होते ना, तेव्हा लावला होता," ती म्हणाली. "आतल्या खोलीतून बघायला. कोणाला सांगितलं नाही, हसाल म्हणून."

"अगं पण का?" भावजींचा आवाज फुटला. "मी रोज फोटो पाठवत होतो!"

"जुने!" चिमणी एकदम ओरडली. नर्स दारात आली. "पहिल्याच दिवशी कळलं मला. कोपऱ्यातलं ते लांब पान मी स्वतः कापून आले होते. तुमच्या फोटोत ते अख्खं. तुम्ही खोटं बोलताय म्हणजे काहीतरी झालंय, एवढं तर कळतं मला. मागच्या वेळीही तुम्ही असेच हसत होतात. सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे. दोन दिवस! बाळ गेलंय ते डॉक्टरला माहीत, आईंना माहीत, दादाला माहीत. मी एकटी पोटावर हात ठेवून त्याच्याशी बोलत होते."

दादानं मान खाली घातली.  तोही त्यात होता.

"मग मी ठरवलं, आपल्या डोळ्यांनी बघायचं. एवढंच. दिवसा पाणी स्वच्छ होतं तेव्हा दिसायचा. रात्री झोप यायची नाही, मग दिवा लावायचा, बघायचं, बंद करायचा. मला काय कळत नाही का, उजेडानं काय होतं ते? पण मग पाणी जरा हिरवं झालं. तो दिसायला वेळ लागायला लागला. दिसेपर्यंत दिवा ठेवायचा. मग आणखी हिरवं. मग आणखी वेळ. दिवा बंद केला की वाटायचं, आत्ता गेला असेल. ह्या क्षणी. मग परत लावायचा. पहाटे आईंना जाग यायच्या आधी बंद करायचे." तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "म्हणजे मीच मारतेय त्याला. मीच. माझ्याजवळ काही जगतच नाही."

मशीनमधल्या ठोक्यांशेजारी दुसरं काहीतरी पिपाणी वाजवायला लागलं. तिचं ब्लड प्रेशर. नर्स आत धावली. "बास झालं, सगळे बाहेर व्हा!"

"एक मिनिट," दादानं बहिणीचे हात तोंडावरून ओढून काढले. "चिमणे, माझ्याकडे बघ. तो मेलेला नाही. मी दुपारी बघून आलोय."

"ठीक आहे म्हणू नकोस. तू तरी म्हणू नकोस."

"म्हणत नाही. शेपटीची कड झिजलीय. रंग उतरलाय. श्वासाला वर येतो, पण रेटून. वाचेल की नाही, मला माहीत नाही."

"दादा!" भावजींचा पाय धाडकन जमिनीवर बसला.

पण चिमणीनं एक लांब श्वास सोडला. नर्स मशीनकडे बघत होती. पिपाणी थांबली.

"असं बोला ना माझ्याशी," चिमणी म्हणाली. "असं कोणी बोलतच नाही."

*

उपाय सोपा होता आणि भयंकर अवघड होता. प्लग काढायचा. टँकवर जाड कांबळं टाकायचं, वर हवेपुरती फट ठेवून. पाणी साफ होईपर्यंत, काही दिवस, कोणी डोकावायचं नाही. मावशीनंसुद्धा नाही. चिमणीनं तर नाहीच.

"तिला काही कळणार नाही तो आहे की गेला," भावजी कॉरिडॉरमध्ये म्हणाले. "आम्हालाही नाही. कसं काढायचे हे दिवस?"

"तिनं बघायचं नाही, तुम्ही खोटं बोलायचं नाही," दादा म्हणाला. "तिला कमी कठीण आहे असं समजू नका. तिनं आत्ता स्वतःच्या हातानं फोनमधलं सगळं काढून टाकलं. नर्सला दाखवून."

ते दिवस वाईट गेले. भावजी रोज फोन करून खरं सांगायचे. "कांबळं आहे. आत काय आहे माहीत नाही. मला भीती वाटते." "मलाही," ती म्हणायची. मग दोघं बराच वेळ नुसते फोनवर असायचे. नर्सनं सांगितलं, पट्टा आता सांगतील तेवढाच वेळ लावतात. परवा पहाटे झोपल्यासुद्धा होत्या.

*

कांबळं काढायच्या सकाळी दादा हजर होता. खिडकीचे काळे कागद निघाले होते. मावशी टँकच्या एका बाजूला, नुकताच आलेला घुबड दुसऱ्या बाजूला, जांभया दाबत.

भावजींनी चिमणीला फोन लावला. "व्हिडिओ करू?"

"नको," तिचा आवाज स्पीकरवर आला. "तुम्ही सांगा."

भावजींनी दादाकडे पाहिलं. दादानं कांबळं ओढलं.

"पाणी..." भावजी थांबले. "पाणी पांढुरकं आहे. दुधाचं भांडं विसळल्यासारखं. हिरवं नाही. पलीकडची भिंत दिसतेय."

"आणि तो?"

"दिसत नाही."

 भावजी डावा गुडघा टेकून बसले. उजवा पाय जमिनीवर रुतलेला. मागच्या वेळी अशा क्षणी ते हसून काहीतरी बोलले असते.

"दगडामागे शेपूट दिसतेय," ते म्हणाले. "हलत नाही."

"हलत नाही?"

"नाही."

"खरं?"

"खरं सांगतोय गं."

फोनमधून नुसता श्वास ऐकू येत होता. मावशीनं पुढं होऊन झाकण उचललं. दादानं अडवलं नाही. तिनं चिमटीतले दोन दाणे पाण्यावर सोडले, पानावर मीठ वाढल्यासारखे. दाणे तरंगत राहिले. एक फिरत फिरत दगडाच्या वर आला.

शेपूट थरथरली.

"थांब," भावजी म्हणाले. "थांब थांब थांब. हलला. वळला. चिमणे, येतोय. वर येतोय. खाल्ला! एक दाणा खाल्ला!"

"आणि दुसरा?"

"दुसरा..." भावजी काचेला डोळे लावून बघत होते. "दुसरा घेतला तोंडात. आणि थुंकला."

 पलीकडे चिमणी हसली. हसता हसता रडायला लागली, मग परत हसली. मावशीनं पदराआड नाक ओढलं. घुबड भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"थुंकला म्हणालात?" चिमणी म्हणाली. "मग जिवंत आहे तो. खोटं बोलायचं असतं तर दोन्ही खाल्ले म्हणाला असतात."

भावजींनी मान हलवली. ती फोनवर दिसत नाही हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. त्यांचा उजवा पाय जमिनीवरून सुटला होता.

"टाका आता कांबळं परत थोडा वेळ," ती म्हणाली. "झोपू दे त्याला. मीही झोपते."